७५२ किलोमीटरचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व कडेला, वणी तालुक्यात राजूर आहे. या गावाचा संसार दोन दगडांवर उभा राहिला, एक पांढरा आणि एक काळा. चुनखडी भाजून चुना करायचा, आणि भाजायला लागणारा कोळसाही याच परिसराच्या पोटातून काढायचा. राजूर इन्क्लाइन या भूमिगत खाणीमुळे ‘राजूर कॉलरी’ हे नाव पंचक्रोशीत रुळले. माजरीहून वणीमार्गे आलेल्या रेल्वेच्या फाट्याने इथला माल बाहेर जाऊ लागला. पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. नदीच्या दोन्ही अंगांना, गोंडवाना काळातल्या खडकांत, कोळशाचे जाड थर पसरलेले आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ या पट्ट्याला वर्धा खोऱ्याचे कोळसा क्षेत्र म्हणतात.

महाराष्ट्राचे मोठे कारखाने, मोठी शहरे आणि विजेची मोठी मागणी मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी वाढली. कोळसा पूर्वेला आणि गरज पश्चिमेला, ही या राज्याची जुनी अडचण. ती सुटली कशी आणि तिची किंमत कोणी मोजली, हा या लेखाचा विषय आहे. या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी शाळेत शिकवला जाणारा एक छोटा हिशेब आहे. विद्युतदाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट या चार मापांनी महाराष्ट्राचा विजेचा नकाशा आखला.

टोपीवरचा दिवा

भूमिगत खाणीत उतरण्याआधी कामगार लॅम्प रूमच्या खिडकीशी जाऊन आपला दिवा घेतो. बॅटरी कमरेच्या पट्ट्याला, दिवा टोपीला आणि मधे हातभर लांबीची केबल. जुन्या पद्धतीच्या दिव्याची बॅटरी ४ व्होल्टची असे आणि बल्बमधून साधारण १ अँपिअर प्रवाह वाहत असे. ४ भागिले १, म्हणजे बल्बचा रोध ४ ओहम. ४ गुणिले १, म्हणजे शक्ती ४ वॅट. तेवढ्या उजेडात माणूस पाळीभर काम करत असे.

आता हीच बॅटरी खाणीच्या तोंडाशी ठेवली आणि लांबलचक तार आत सोडली, असे समजू. त्या तारेचाही रोध ४ ओहम भरला, तर वाटेतला एकूण रोध ८ ओहम होतो आणि प्रवाह अर्ध्यावर येतो. बल्बचा रोध तोच राहिला असे धरले, तर त्याच्या वाट्याला २ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर येतो, म्हणजे फक्त १ वॅट. बाकीचा दाब तारेतच खर्ची पडतो आणि तार तापवण्यात ऊर्जा वाया जाते. दिवा चांगला, बॅटरी चांगली, तरी अंतराने उजेड खाल्ला. एकोणिसाव्या शतकात वीज लांब नेऊ पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हीच अडचण उभी होती.

कोलोनचा शिक्षक आणि सॅलफर्डचा तरुण

विजेचा प्रवाह आणि तारेची लांबी यांचे नाते मोजून दाखवले ते जर्मनीतल्या गेऑर्ग झिमोन ओहम यांनी. ते कुलपे बनवणाऱ्या कारागिराचे चिरंजीव आणि कोलोनच्या एका शाळेत गणित व पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. त्या काळातल्या बॅटऱ्यांचा जोर स्थिर राहत नसे, त्यामुळे मापे जुळत नसत. म्हणून ओहम यांनी तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंचे सांधे वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला की त्यांच्यातून लहानसा, पण न डगमगणारा विद्युतदाब मिळे. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडायच्या आणि टांगलेली चुंबकसूची किती वळते ते पाहायचे. यातून निघालेला नियम त्यांनी १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. त्यांच्या देशात त्याचे स्वागत थंडपणे झाले, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक देऊन त्यांचा गौरव केला तो थेट १८४१ साली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये, बिअरच्या कारखानदाराचे तरुण चिरंजीव जेम्स प्रेस्कॉट जूल पाण्यात तारेचे वेटोळे बुडवून तापमापकाकडे डोळे लावून बसले होते. १८४० साली त्यांना उत्तर मिळाले. तारेत तयार होणारी उष्णता रोधाच्या पटीत वाढते, पण प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते, आणि दहापट केला की शंभरपट.

या दोघांचे निष्कर्ष एकत्र ठेवले की वीज वाहून नेण्याचे मर्म हाती येते. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. तेवढीच शक्ती पाठवायची असेल, तर दाब दहापट वाढवावा, म्हणजे प्रवाह दहाव्या हिश्शावर येतो आणि वाटेतली गळती शंभराव्या हिश्शावर. ओहम आणि जूल यांनी हा शोध लावला तेव्हा वीज केंद्रे नव्हती, घरगुती दिवे नव्हते. पुढच्या शतकाचा पाया मात्र घातला गेला होता.

घाटातून गिरणगावापर्यंत

प्रयोग पुढे मैदानात आला. १८८२ साली मार्सेल देप्रे आणि ओस्कार फॉन मिलर यांनी मीसबाखहून म्युनिकच्या प्रदर्शनापर्यंत ५७ किलोमीटर वीज नेली, तीही तारायंत्राच्या लोखंडी तारेवरून. बरीचशी शक्ती वाटेत गेली, पण म्युनिकमध्ये पंप फिरला आणि छोटा धबधबा वाहिला. दिशा बरोबर होती, दाब कमी पडत होता. दाब चढवणारा आणि उतरवणारा ट्रान्सफॉर्मर प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे एसीवर, चालतो. तो हाती आल्यावर १८९१ साली लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत १७५ किलोमीटर अंतरावर, १५ हजार व्होल्ट आणि त्याहून अधिक दाबाने, निघालेल्या शक्तीपैकी सुमारे तीन चतुर्थांश पोहोचवता आली. भारतात १९०२ साली म्हैसूर संस्थानातल्या शिवनसमुद्रच्या धबधब्याची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. एक खाण दूरच्या विजेवर चालू लागली होती. दूरच्या शहरासाठी खाणीनेच वीज पुरवावी, ही वेळ अजून यायची होती.

मुंबईच्या कापड गिरण्या तेव्हा कोळशावर चालत, आणि तो कोळसा बंगालहून किंवा समुद्रापलीकडून येई. जमशेटजी टाटांच्या मनात सह्याद्रीवरच्या पावसाच्या पाण्यावर वीज करायची योजना होती. १९०४ साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्या पिढीने ती पुरी केली. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडले गेले. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर विलिंग्डन यांच्या हस्ते केंद्र सुरू झाले. खोपोली ते परळ सुमारे ७० किलोमीटर, आणि वाहिनीचा दाब १ लाख व्होल्ट. त्या काळात इतका दाब जगातही फार थोड्या ठिकाणी होता. तो ठेवल्यामुळेच घाटाखालची वीज गिरणीच्या मालकाला परवडली.

अंतर जिंकले की उगमाच्या जागेवर भार पडतो, हेही महाराष्ट्राने याच काळात पाहिले. मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. १९२१ साली त्याविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले. धरण झाले, गावे गेली, भिऱ्याचे वीज केंद्र उभे राहिले. मुंबईच्या विजेच्या इतिहासात मुळशीचे पान खोपोलीच्या पानाला लागूनच आहे.

कमी दाबाची मर्यादाही मुंबईने अनुभवली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेवरची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, म्हणजे डीसीवर. १,५०० किलोवॅट शक्ती घेणाऱ्या गाडीला या दाबावर १,००० अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून जाड तारा हव्यात आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे हवीत. पुढे रेल्वेने २५ हजार व्होल्टचा एसी दाब स्वीकारला. सोप्या हिशेबाने तेवढ्याच शक्तीला तिथे ६० अँपिअर पुरतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचा हा बदल पूर्ण व्हायला २०१६ साल उजाडले.

कोळशाकडे वळलेले राज्य

स्वातंत्र्यानंतर विजेची जबाबदारी सरकारकडे आली. १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपाठोपाठ, जून १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. कोयनेने १९६० च्या दशकात राज्याला मोठा आधार दिला. पण धरणे बांधता येतील अशा जागा मोजक्याच होत्या आणि पाण्याचा मोठा वाटा शेतीला हवा होता. मागणी वाढतच होती. मंडळाची नजर विदर्भातल्या कोळशाकडे वळली.

कोळसा खाणींचे चित्रही याच काळात पालटले. १९७३ साली कोकिंग नसलेल्या कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. वणी-चंद्रपूर पट्ट्यातल्या खासगी कॉलऱ्या सरकारी मालकीच्या झाल्या. १९७५ साली कोल इंडियाची रचना झाली आणि नागपूर हे वेस्टर्न कोलफील्ड्सचे, म्हणजे बोलीतल्या ‘वेकोलि’चे, मुख्यालय झाले. राजूरसारख्या जुन्या भूमिगत खाणींच्या आसपास उकणी, निलजई, कोलार पिंपरी अशा खुल्या खाणी उघडल्या. भूमिगत खाणीत माणसे कोळशापर्यंत उतरत. खुल्या खाणीत कोळशावरची जमीनच बाजूला काढतात. उत्पादन वाढले, शेते खाणीत गेली, आणि मातीचे उंच ढिगारे क्षितिजावर दिसू लागले.

नागपूरजवळ कोराडीचे केंद्र १९७४ साली सुरू झाले. त्यानंतर चंद्रपूरच्या दुर्गापूर-ऊर्जानगरचा क्रम लागला. १९८३ साली २१० मेगावॅटचा पहिला संच चालू झाला आणि १९९७ पर्यंत चार २१० मेगावॅटचे व तीन ५०० मेगावॅटचे असे सात संच उभे राहिले. एकूण क्षमता २,३४० मेगावॅट. पाणी इरई धरणाचे, कोळसा वर्धा खोऱ्याचा.

वीज केंद्र मुंबईजवळ बांधून कोळसाच तिकडे का नेला नाही? हिशेब करून पाहू. १,५०० मेगावॅट दिवसभर चालवायचे म्हणजे ३ कोटी ६० लाख युनिट. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर रोजचे २५ हजार टन. म्हणजे मालगाड्यांचे सहा ते सात रेक, रोज, वर्षाचे बारा महिने, आणि तेवढेच रिकामे डबे परत. शिवाय या कोळशातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग राखच असतो. ती राख शेकडो किलोमीटर ओढून नेऊन मुंबईच्या दाराशी टाकायची. त्यापेक्षा तारेवरून वीज पाठवणे सोयीचे ठरले, फक्त तार पुरेशा दाबाची हवी.

चंद्रपूर ते पडघे

१९८० च्या दशकात ४०० किलोव्होल्टच्या एसी वाहिन्यांनी विदर्भाला पश्चिम महाराष्ट्राशी जोडले. पण सातशे-साडेसातशे किलोमीटरवर एसीला आणखी अडचणी येतात. एसी वाहिनीत रोधाच्या जोडीला तारेचे चुंबकीय आणि विद्युतक्षेत्रही आडवे येते. दाब भागिले प्रवाह एवढ्याने काम भागत नाही. शक्तीचा काही भाग नुसताच मागेपुढे झुलत राहतो. दोन टोकांची केंद्रे एका तालात ठेवणेही अवघड होते.

यावर उपाय म्हणून अभियंते एकदिश प्रवाहाकडे परतले. म्युनिकच्या प्रयोगात तोच होता, पण दाब चढवण्याची सोय नसल्याने तो मागे पडला होता. आता एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरने चढवायचा, इलेक्ट्रॉनिक झडपांनी त्याचे डीसी करायचे, लांब पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा एसी करायचे. स्वीडनने १९५४ साली गॉटलंड बेटासाठी ही पद्धत व्यवहारात आणली. भारतात उत्तर प्रदेशातल्या रिहंदहून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत अशी लांब वाहिनी १९९० च्या सुमारास झाली. त्यानंतर महाराष्ट्राने आपली वाहिनी बांधली. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर, दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, क्षमता १,५०० मेगावॅट. १९९९ साली ती सेवेत आली. त्याच दशकाच्या अखेरीस वणीपासून जवळच, भद्रावतीला, पश्चिम आणि दक्षिण ग्रिड जोडणारे १,००० मेगावॅटचे डीसी केंद्रही उभे राहिले. भारताच्या वीजवहनाचा एक महत्त्वाचा सांधा या कोळसा पट्ट्यात आला.

या वाहिनीचा हिशेब वहीच्या एका पानावर मावतो, कारण डीसीला ओहमचा नियम जसाच्या तसा लागू पडतो. दोन ध्रुवांमधला दाब १,००० किलोव्होल्ट, म्हणजे दहा लाख व्होल्ट. १,५०० मेगावॅटला त्याने भागले की प्रवाह येतो १,५०० अँपिअर. उदाहरणासाठी प्रत्येक ध्रुवाच्या तारांचा रोध ८ ओहम धरू. १,५०० गुणिले ८, म्हणजे एका ध्रुवावर १२ हजार व्होल्टची घट. पाच लाखांच्या मानाने अडीच टक्क्यांहूनही कमी. प्रवाहाचा वर्ग गुणिले दोन्ही ध्रुवांचा मिळून १६ ओहम रोध, म्हणजे ३६ मेगावॅटची उष्णता. एवढीच काय ती वाटखर्ची.

आता त्याच तारांवर खोपोलीचा १ लाख व्होल्टचा दाब लावून पाहा. प्रवाह होतो १५ हजार अँपिअर, आणि तारांत जळणारी शक्ती ३,६०० मेगावॅट. पाठवायचे आहेत १,५००, आणि वाटेत जाळायला लागतील ३,६००. चंद्रपूरचे तेव्हाचे सातही संच एकत्र केले तरी ते पुरणार नाहीत. १९१५ साली ७० किलोमीटरसाठी धाडसी ठरलेला दाब इथे साफ निरुपयोगी ठरतो. दाब दहापट वाढवल्यामुळेच वर्धा खोऱ्याचा कोळसा मुंबई महानगराच्या पट्ट्याला उजेड देऊ शकला.

शेवटच्या खांबावर

मोठ्या वाहिनीवर हिशेब जुळला, तरी गावच्या वाहिनीवर तो बरीच वर्षे बिघडलेलाच होता. २००५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने तासन्‌तास भारनियमन सोसले. खाण आणि वीज केंद्र जवळ असून वीज नाही, ही विदर्भातल्या गावांची तक्रार रास्त होती. वीज आली तरी ‘व्होल्टेज डाऊन’. कारण पुन्हा ओहमचेच. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब गेलेल्या बारीक तारेचा रोध १ ओहम धरला आणि सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होऊन ५० अँपिअर प्रवाह वाहिला, तर ५० व्होल्ट वाटेतच संपतात. दाब घसरला की पाच अश्वशक्तीची मोटार तेच पाणी उपसण्यासाठी ७ ऐवजी ९ अँपिअर ओढते. उष्णतेचे प्रमाण ४९ वरून ८१ वर जाते, गुंडाळीचे वेष्टन वितळते आणि ऐन हंगामात मोटार जळते. चार मोटारी, मग डीपी. शेतकऱ्याने रिवाइंडिंगवाल्याला दिलेला पैसा हाही वहनखर्चच आहे, तो कोणाच्या ताळेबंदात येत नाही. २०१८ साली राज्यात उच्चदाब वितरण प्रणाली आणली गेली. ११ किलोव्होल्टची तार विहिरीजवळ न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. खोपोली आणि पडघ्याला लावलेले तत्त्व शेताच्या बांधापर्यंत पोहोचायला शंभरावर वर्षे गेली.

उगमाकडचा हिशेब याहून मोठा आहे. रोज २५ हजार टन कोळसा जाळला की हजारो टन राख चंद्रपूरच्या मातीत उरते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली, तेव्हा सर्वाधिक प्रदूषित ठिकाणांत चंद्रपूर चौथे आले. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातले पाणी आटले आणि संच बंद ठेवावे लागले. वणी-राजूरच्या रस्त्यांवर कोळशाची धूळ उडते, खाणीत गेलेली कापसाची जमीन परत येत नाही. मुंबईत बटण दाबणाऱ्याला यातले काही दिसत नाही, कारण तार फक्त वीज पोहोचवते, धूर आणि राख पोहोचवत नाही.

म्हणून या इतिहासाचे मोल ठरवताना दोन्ही बाजू मांडायला हव्यात. उच्च दाबाने कोट्यवधी लोकांना वीज दिली, वाटेतली नासाडी वाचवली, आणि रोज धावल्या असत्या अशा मालगाड्याही वाचवल्या. अभियंत्यांनी केलेला हिशेब बरोबर होता आणि त्याबद्दल त्यांचा अभिमान वाटावा असाच तो आहे. पण त्याने अंतराची किंमत जवळजवळ पुसून टाकली, तशी उगमाच्या जागेची किंमतही नजरेआड केली. वाटेत जाणारे ३६ मेगावॅट विजेच्या दरात मोजले जातात. तसेच राजूर, वणी आणि चंद्रपूरची हवा, पाणी आणि जमीन सुधारण्याचा खर्चही त्याच दरात मोजला गेला पाहिजे, आणि तो पैसा याच मातीत परत आला पाहिजे. ज्यांच्या जमिनीखालून ही वीज निघाली, त्यांचे हे येणे आहे.